आधी तारीख, मग काढा

मेडिकलच्या काउंटरवर सगळ्यात हळू आवाजात येणारा प्रश्न पाळीचा. शेजारी दुसरं गिऱ्हाईक उभं असेल तर बाई आधी डोकेदुखीची गोळी मागतात, ते गेलं की मूळ मुद्द्यावर येतात. "ताई, हार्मोन बॅलन्स करायचं काही आयुर्वेदिक आहे का? साइड इफेक्ट नसलेलं?" फार्मसी शिकून साताऱ्यात काउंटर सांभाळायला लागले त्याला अठरा वर्षं झाली. या प्रश्नाला माझा उलटा प्रश्न ठरलेला आहे: "आज पाळीचा कितवा दिवस?" बहुतेकींना सांगता येत नाही. "मागच्या महिन्यात संकष्टीच्या आसपास आली होती" एवढंच आठवतं.

हार्मोन महिनाभर एका पातळीवर कधीच नसतात. चढायचं आणि उतरायचं, हेच त्यांचं काम. त्यामुळे कुठलीही वनस्पती घेण्याआधी दोन गोष्टी हव्यात: चक्राचा दिवस कोणता, आणि त्या दिवसाचा नेमका त्रास कोणता. हे जिला ठाऊक आहे तिचे औषधावरचे निम्मे पैसे वाचतात. पहिल्यांदाच या वाटेला जाणाऱ्यांसाठी हे ओळीने लिहिते आहे.

पायरी पहिली: फुल्या मारा

स्वयंपाकघरात दूध आणि गॅस सिलिंडरच्या तारखा लिहायचं जे कॅलेंडर टांगलेलं असतं ना, तेच वापरा. लाल रक्तस्राव नीट सुरू झाला तो दिवस पहिला, त्यावर फुली मारा. आदल्या दिवशी नुसता डाग दिसला असेल तर त्यावर टिंब द्या, फुली नको. मग रोज तीनच गोष्टी: अंगावरून किती गेलं (कमी, मध्यम, जास्त), दुखलं का, आणि काय घेतलं. काय घेतलं यात काढा, चूर्ण, गोळी, सकाळचं मेथीचं पाणी, सगळं आलं. एका फुलीपासून पुढच्या फुलीच्या आदल्या दिवसापर्यंत मोजलं की चक्राची लांबी मिळते. २१ ते ३५ दिवसांत येणारी पाळी मोठ्या बायकांमध्ये नेहमीचीच धरतात. २८ चा आकडा देवाने ठरवून दिलेला नाही. मोबाइलवरची अ‍ॅपही चालतात, पण ती पुढची तारीख अंदाजाने सांगतात आणि अंदाज चुकला की मुली विनाकारण धास्तावतात.

असे तीन महिने जाऊ द्या. जीवघेणा त्रास नसेल तर या तीन महिन्यांत नवीन काही सुरू करू नका. हे ऐकून गिऱ्हाईक नाराज होतं, मलाही विक्री सोडावी लागते. पण आधी कसं होतं हेच माहीत नसेल तर नंतर फरक पडला की नाही ते कळणार कसं?

पायरी दुसरी: त्या फुल्यांच्या मागे काय चाललंय

पाळीच्या पहिल्या दिवशी इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही बायकांची दोन्ही मुख्य हार्मोन तळाला असतात. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीकडून एफएसएच नावाचं हार्मोन वाढतं, अंडाशयात एक बीज मोठं होऊ लागतं, आणि तेच इस्ट्रोजेन तयार करतं. इस्ट्रोजेन चढत जातं तसं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. शिखराला पोचलं की त्याच ग्रंथीचं दुसरं हार्मोन, एलएच, एकदम उसळतं आणि साधारण दीड दिवसात बीज सुटतं. बीज जिथून सुटलं तिथे उरलेली पेशींची गाठ म्हणजे पीतपिंड. प्रोजेस्टेरॉन तिथून येतं. सकाळी अंथरुणातून उठायच्या आधी ताप मोजत असाल तर या दिवसांत पारा आधीपेक्षा ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअस वर दिसतो, तो या प्रोजेस्टेरॉनमुळे. गर्भ राहिला नाही तर पीतपिंड साधारण दोन आठवड्यांत सुकतं, प्रोजेस्टेरॉन कोसळतं आणि अस्तर सुटतं. सुटताना अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होतात. गर्भाशय पिळवटतं ते त्यांच्यामुळे. तीच आतड्यालाही ढुशा देतात, म्हणून पहिल्या दिवशी पातळ शौचाला होतं. त्याआधीचा आठवडा मात्र बद्धकोष्ठ आणि पोटफुगीचा असतो, कारण प्रोजेस्टेरॉन आतडं सुस्तावतं. पाळीच्या आधी ओवा-हिंगाने बरं वाटतं यात हार्मोनची करामत काही नाही, वायू सरतो इतकंच. बरं वाटणं खरंच असतं, त्याला कमी लेखायचं कारण नाही.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवाच. बीज सुटल्यापासून पाळीपर्यंतचा काळ बहुतेकींचा बऱ्यापैकी ठरलेला असतो, साधारण १० ते १६ दिवस. मागेपुढे होतो तो पहिला टप्पा. परीक्षा, जागरणं, एकदम उतरलेलं वजन, थायरॉइड, पीसीओडी (बीज वेळेवर न सुटण्याचा अंडाशयाचा विकार) यांनी बीज सुटायलाच उशीर होतो, म्हणून पाळी लांबते. आता एखादीची पाळी आठ दिवस लांबली, तिने पपई खाल्ली, तीळगुळाचे लाडू खाल्ले, चौथ्या दिवशी पाळी आली. बीज दहा दिवसांपूर्वीच सुटलेलं असल्यामुळे ती येणारच होती. श्रेय मात्र पपईला. घराघरांतल्या किती खात्रीच्या उपायांची जन्मकथा अशी असेल!

आयुर्वेदातही महिन्याचे तीन भाग केलेत: रजःकाल, ऋतुकाल, ऋतुव्यतीतकाल. आजच्या हार्मोनच्या आलेखाशी ते ओढूनताणून जुळवायची गरज नाही. पण दिवस पाहून उपाय ठरवायचा ही रीत आपल्याकडे जुनीच आहे, हे सांगावंसं वाटतं.

गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर वरचं चक्र थांबलेलं असतं. गोळ्यांच्या मधल्या सुट्टीत येणारा रक्तस्राव हा हार्मोन बंद झाल्याचा रक्तस्राव असतो. अशा वेळी "या आठवड्यात हे बी, त्या आठवड्यात ते बी" या रीलमधल्या हिशोबाला (तो पुढे येतोच) काही अर्थच राहत नाही.

पायरी तिसरी: वनस्पती कुठल्या दाराने शिरते

दुकानात "हार्मोन"च्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या कितीतरी वनस्पती हार्मोनला हातच लावत नाहीत. आलं आणि बडीशेप यांचं काम वेदनेच्या रसायनांवर आणि स्नायूंच्या पेटक्यांवर. सोयाबीन आणि जवसात इस्ट्रोजेनसारखे दिसणारे पदार्थ असतात, पण ताकदीने फार कमजोर. काही वनस्पती मेंदूतल्या ग्रंथीमार्फत काम करतात. आणि काही यकृतातल्या एन्झाइमांचा वेग बदलतात, त्यामुळे शरीरातली इतर औषधं लवकर संपतात. या शेवटच्या दाराकडे सगळ्यात जास्त लक्ष हवं. पुढे त्यावर येतेच.

जवसाबद्दल थोडं. १९९३ साली छापून आलेल्या एका अभ्यासात १८ बायकांनी रोज १० ग्रॅम जवसाची पूड खाल्ली, तेव्हा बीज सुटल्यानंतरचा काळ सरासरी एखाद दिवसाने लांबला. सध्या रीलमध्ये जो प्रकार फिरतो, पहिले पंधरा दिवस जवस आणि भोपळ्याच्या बिया, पुढचे पंधरा दिवस तीळ आणि सूर्यफुलाच्या, त्याला अनेकदा या अभ्यासाचा हवाला देतात. त्या बायकांनी जवस चक्रभर रोज खाल्लं होतं, आलटून पालटून नव्हे. जवसाची चटणी भाकरीबरोबर रोज खा, उत्तमच आहे. फक्त तारखा पाहून बरण्या बदलण्यासाठी ९०० रुपयांचं पाकीट घेऊ नका.

पायरी चौथी: पोटदुखी, अर्थात सुंठीची पाळी

घरगुती उपायांत माझा सगळ्यात जास्त भरवसा सुंठीवर. २००९ मध्ये इराणमधल्या १५० विद्यार्थिनींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाला सुंठीच्या २५० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल, दुसऱ्याला मेफेनॅमिक अ‍ॅसिड, तिसऱ्याला आयब्युप्रोफेन (या दोन्ही दुखणं थांबवणाऱ्या गोळ्या), पहिल्या दिवसापासून तीन दिवस, रोज चार वेळा. तिन्ही गटांना आराम जवळजवळ सारखाच पडला. अभ्यास लहान होता, नुसती साखरेची गोळी दिलेला गट त्यात नव्हता. आहारातल्या अशा उपायांचा २०१६ साली एक मोठा आढावा घेतला गेला, तोही पुरावा कच्चाच असल्याचं सांगतो. तरी स्वयंपाकघरातल्या वस्तूला एवढं पाठबळ मिळणं म्हणजे बरंच.

खरी मेख वेळेत आहे. प्रोस्टाग्लँडिन भरपूर तयार झाल्यावर संध्याकाळी कंबर धरून बसायचं आणि मग एक कप आल्याचा चहा प्यायचा, याने फारसं होत नाही. डाग दिसला, ओटीपोट जड झालं की लगेच सुरू करा. दिवसाची सुंठ सगळी मिळून सुमारे १ ग्रॅम, म्हणजे लहान चमचा सपाट अर्धा. तिचे चार भाग करायचे. एक भाग कपभर गरम पाण्यात, सुपारीएवढा गूळ, हवी तर चिमूट बडीशेपेची पूड. खाऊन झाल्यावर प्यायचं. कपाच्या तळाशी साका बसतो, तो ढवळून प्या, औषध त्यातच आहे. तीन दिवस, मग बंद. महिनाभर कशाला? ज्यांना आम्लपित्त आहे त्यांना सुंठीने जळजळतं, त्यांनी बडीशेपेवर भागवावं.

जोडीला गरम पाण्याची पिशवी. निर्गुंडीचा पाला गरम करून कमरेला बांधायची पद्धत गावाकडे अजून आहे, तीही चांगली. आणि एवढ्याने भागलं नाही तर गोळी घेण्यात कमीपणा मानू नका. मेफेनॅमिक अ‍ॅसिड उपाशीपोटी मात्र नको. पित्ताचा किंवा किडनीचा त्रास असेल, दमा असेल, तर डॉक्टरांना विचारून. सुंठही नाही आणि गोळीही पुरत नाही, दर महिन्याला कॉलेज बुडतं, अशी वेळ असेल तर तपासणी करायला हवी. एंडोमेट्रिओसिससारखे (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर बाहेर वाढतो तो) आजार "बायकांना दुखतंच" या एका वाक्यामागे वर्षानुवर्षं लपून राहतात.

पायरी पाचवी: पाळीच्या आधीचा आठवडा

चिडचिड, रडू, छाती दुखणं. यासाठी परदेशात एका वनस्पतीचा बऱ्यापैकी अभ्यास झालाय: चेस्टबेरी. पिट्युटरीवर डोपामिन या मेंदूतल्या रसायनासारखं काम करून ती प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध आणणारं हार्मोन, उतरवते. जर्मनीत १७० बायकांवर तीन चक्रं झालेला अभ्यास २००१ मध्ये आला, त्यात नुसत्या खोट्या गोळीपेक्षा तिचा गुण स्पष्ट जास्त दिसला. तीन चक्रं, हे महत्त्वाचं. चार दिवसांत गुण मागू नये.

आता घोळ. ही आणि आपली निर्गुंडी एकाच कुळातल्या बहिणी, पण वनस्पती दोन. ऑनलाइन दुकानांत निर्गुंडीचं चूर्ण चेस्टबेरीचे गुण सांगून विकलेलं मी पाहिलंय. निर्गुंडीवर तो अभ्यास झालेला नाही. खरी चेस्टबेरीदेखील गर्भ राहण्याची शक्यता असेल, हार्मोनच्या गोळ्या चालू असतील किंवा मानसोपचाराची औषधं चालू असतील तर स्वतःच्या मनाने नको.

शतावरीचं विचाराल. तिची परंपरा मोठी आहे, बायकांवरचे नीट अभ्यास थोडे. तिने पाळीचं चक्र सुधारतं असं मी कुणालाही छातीठोकपणे सांगत नाही. शतावरी कल्प घेत असाल तर बरणीची मागची बाजू वाचा. बहुतेक कल्पांत मुख्य घटक साखर असतो. पीसीओडीसाठी गोड सोडलेली मुलगी दुधात दोन चमचे कल्प ढवळून पिते, तेव्हा मला बोलल्याशिवाय राहवत नाही.

पीसीओडीवाल्यांना नको तिथे वाढणाऱ्या केसांसाठी पुदिन्याचा चहाही कोणीतरी सुचवलेला असतो. तुर्कस्तानात २००७ साली २१ बायकांना चक्राच्या पहिल्या टप्प्यात पाच दिवस, रोज दोन कप दिला, रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) उतरलं. २०१० मध्ये ३० दिवसांचा अभ्यास झाला. आकडे पुन्हा उतरले, पण मोजणीत नको असलेले केस कमी झालेले दिसले नाहीत. केसांत फरक दिसायला महिनेच लागतात. चहा प्यायला हरकत नाही, पार्लरची तारीख रद्द करू नका.

पायरी सहावी: अंगावरून जास्त जात असेल तर

आमच्या गल्लीतल्या एक काकू एकदा पिशवीतून सालीचे तुकडे घेऊन आल्या. "अशोकाची आहे. पंधरा दिवस उकळून पितेय, काही फरक नाही बघ." साल कुठली? सोसायटीच्या भिंतीलगत सरळसोट वाढलेल्या झाडाची. तो खोटा अशोक. लांब, काठाला लाटा असलेली, खाली लोंबणारी पानं आणि हिरवट फुलं त्याची. औषधातला तो सीतेचा अशोक: पसरलेलं झाड आणि उन्हाळ्याच्या तोंडी लागणारे केशरी-तांबड्या फुलांचे गुच्छ. दोन्ही झाडांचं एकमेकांशी नातंही नाही. बाजारातल्या सालीतही ही भेसळ चालते, आणि खरा अशोक तर जंगलात कमी होत चाललाय. म्हणून सुटी विकली जाणारी साल घेऊच नये.

अशोकारिष्ट वैद्य देतात ते मुख्यतः जास्त जाणाऱ्या पाळीसाठी. आमच्याकडे निम्म्या जणी ते येत नसलेल्या पाळीसाठी मागतात! शिवाय ते अरिष्ट आहे, आंबवताना त्यात आपोआप ५ ते १० टक्के अल्कोहोल तयार होतं. नेहमीची मात्रा १२ ते २४ मिली, तेवढंच पाणी घालून, जेवणानंतर. यकृताचा त्रास किंवा गर्भधारणेची शक्यता असेल तर नको, आणि शाळकरी मुलीला वैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नका.

पण त्याच्याही आधी हिमोग्लोबिन तपासा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. दमणूक, केस गळणं, चिडचिड याला "हार्मोन" म्हणून बसलेल्या कितीतरी जणींना मुळात लोह हवं असतं. अळिवाचे लाडू जरूर खा, फक्त त्यावर लगेच चहा नको, चहातलं टॅनिन लोह अडवतं. लिंबू पिळलेलं काहीही चालेल. तासाला एक पॅड भिजतंय आणि असं दोन-तीन तास सलग चाललंय, सात दिवसांवर स्राव जातोय, किंवा पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा डाग दिसलाय, तर काढा बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जा.

पायरी सातवी: पाळी चुकली, आणि पाळी पुढे ढकलायची

पाळी चुकली की पहिली वस्तू गर्भधारणेची चाचणीपट्टी. ५०-६० रुपयांत मिळते. चुकल्याच्या आठवडाभराने, सकाळच्या पहिल्या लघवीवर. लग्न झालेलं असो वा नसो, मी पट्टीच पुढे करते आणि कागदात गुंडाळून देते. कारण पाळी आणण्यासाठी सर्रास मागितली जाणारी रजःप्रवर्तनी वटी म्हणजे कोरफडीचा सुकवलेला रस, हिराकस, हिंग आणि टाकणखार. गर्भ असेल तर ही भलती जोखीम आहे. कुमारी आसवातही कोरफडच. पट्टीवर एकच रेघ आली तर आठवड्याने पुन्हा करा. मोठ्या बाईची पाळी तीन महिने आली नाही तर थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन तपासून घ्यावं लागतं, वटीने ते आकडे हलत नाहीत.

पुढे ढकलण्याची गर्दी गौरी-गणपतीच्या आधी. वाटीभर लिंबाचा रस, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, व्हिनेगर, सगळं ऐकलंय. दुसऱ्या पायरीतला हिशोब आठवा: प्रोजेस्टेरॉन कोसळलं की पाळी. ते कोसळू न देता वर धरून ठेवणारी गोळीच तारीख लांबवते. डाळीला ते जमत नाही. ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये, रक्ताची गुठळी झालेली असेल किंवा यकृताचा आजार असेल तर धोका असतो. बाप्पाला पाळीची अडचण असते असं मला वाटत नाही, पण हे मी काउंटरवर बोलत नाही.

पायरी आठवी: आधीच चालू असलेल्या गोळ्या

"आयुर्वेदिक आहे, डॉक्टरांना कशाला सांगायचं?" याने खरे घोटाळे होतात.

सेंट जॉन्स वर्ट या परदेशी वनस्पतीची कॅप्सूल मूड सुधारायला म्हणून ऑनलाइन मिळते. ती यकृतातली एन्झाइमं वेगवान करते, गर्भनिरोधक गोळीची पातळी खाली येते, मधेच डाग दिसतात आणि दिवसही राहू शकतात. ज्येष्ठमध रोज पुष्कळ घेतलं तर शरीर मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम उतरतं, रक्तदाब चढतो. बीपीची गोळी घेणारीने ज्येष्ठमधाचा रोजचा काढा सोडावा. अश्वगंधा थायरॉइडचे आकडे हलवू शकते. थायरॉइडची गोळी घेणारीने ती सुरू करायच्या आधी सांगावं. मेथी आणि दालचिनीचे मोठे डोस साखर उतरवणाऱ्या गोळ्यांसोबत घेतले तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. बाजारात सर्रास मिळणाऱ्या जाड सालीच्या दालचिनीत कुमारिन बरंच असतं, ते यकृताला बाधतं. पुलावात दोन तुकडे ठीक, रोज चमचाभर पूड नको. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील तर सुंठ, लसूण, हळदीच्या कॅप्सूल विचारल्याशिवाय नकोत. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर इस्ट्रोजेनसारखं काम करणारी कुठलीही कॅप्सूल आधी कर्करोगतज्ज्ञांना दाखवायची.

पाकीट उलटून बघायची सवय लावा. आयुर्वेदिक औषध म्हणून विकलेल्यावर उत्पादन परवान्याचा क्रमांक आणि बॅच नंबर असतो, अन्न म्हणून विकलेल्यावर अन्नसुरक्षा खात्याचा १४ आकडी क्रमांक. दोन्ही नसेल तर परत ठेवा. भस्म (धातू-खनिजं जाळून केलेली पूड) घातलेली औषधं ओळखीच्या वैद्यांनी लिहून दिल्याशिवाय नकोत. अमेरिकेतल्या बोस्टन परिसरातल्या दुकानांतून उचललेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचं २००४ मध्ये छापून आलं होतं.

एका वेळी एकच नवीन वस्तू. तीन चक्रं. आणि कॅलेंडरवर रोजची नोंद चालूच. मागच्या आठवड्यात एक मुलगी कॅलेंडरची पानं फाडून घेऊन आली. दुधाच्या हिशोबाच्या मधे पेन्सिलीने लिहिलेलं: "जास्त. दुखलं. सुंठ ४. कॉलेजला गेले." तिसऱ्या पाळीला "दुखलं"च्या जागी "थोडं" होतं. पण चक्रं निघाली ४१, ४४ आणि ३९ दिवसांची. सुंठ सोडू नको म्हटलं, आणि तीच पानं घेऊन डॉक्टरांकडे पाठवली.